माहिती तंत्रज्ञान मालमत्तेचे मूल्यमापन

माहिती तंत्रज्ञान मालमत्तेचे मूल्यमापन म्हणजे एखादी कंपनी, बँक किंवा संस्था आपली संगणकीय साधने, आज्ञावली, परवाने, जाळे आणि विदा यांची नोंद, वापर, सुरक्षा व विल्हेवाट कशा प्रकारे करते याची पद्धतशीर तपासणी होय. साधने किती आहेत एवढेच मोजणे हा तिचा उद्देश नसतो. नोंदवहीत जे लिहिले आहे आणि प्रत्यक्षात जे चालू आहे, त्यांत किती अंतर आहे हे शोधणे हा तिचा गाभा होय.

जडसंग्रह नोंदवही आणि तिच्या मर्यादा

महाराष्ट्रातील शाळा, सरकारी कार्यालये आणि सहकारी संस्था यांमध्ये टिकाऊ वस्तूंसाठी जडसंग्रह नोंदवही ठेवण्याची जुनी पद्धत आहे. वस्तूचे नाव, खरेदीची तारीख, किंमत आणि निर्लेखन यांची नोंद तीत होते. टेबल, कपाट, पंखा यांच्यासाठी ही नोंद पुरेशी ठरते. संगणकाच्या बाबतीत मात्र ती तोकडी पडते. संगणकाचे मोल त्याच्या पेटीपेक्षा त्यातील आज्ञावलीत, साठवलेल्या माहितीत आणि ज्या जाळ्याशी तो जोडला आहे त्यात अधिक असते, आणि या गोष्टींसाठी जडसंग्रह नोंदवहीत रकाना नसतो.

हिशेबातील किंमत आणि व्यवहारातील महत्त्व यांतही फरक असतो. कंपनी अधिनियम, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत सर्व्हर व जाळ्याच्या साधनांचे उपयुक्त आयुष्य ६ वर्षे, तर कर्मचाऱ्यांच्या वापरातील संगणकांचे ३ वर्षे धरले आहे. त्यानंतर पुस्तकी किंमत नाममात्र उरते; परंतु तोच जुना सर्व्हर बंद पडला तर सर्व शाखांचा व्यवहार थांबू शकतो. उलट, एखादे साधन सुस्थितीत दिसत असूनही धोकादायक झालेले असते. विंडोज ७ या प्रणालीसाठी मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यानंतर सुरक्षा अद्यतनांविना चालणारे संगणक दिसायला पूर्वीसारखेच होते, पण त्यांतील नव्याने उघड होणाऱ्या त्रुटी बुजवल्या जात नव्हत्या.

मूल्यमापनाची पद्धत

तपासणी साधारणपणे तीन दिशांनी केली जाते. पहिलीत नोंदवहीतील वस्तू घेऊन ती जागेवर शोधली जाते. दुसरीत जागेवर दिसणारी वस्तू घेऊन तिची नोंद शोधली जाते. तिसरीत जाळ्याशी जोडलेली सर्व साधने विशेष आज्ञावलीच्या साहाय्याने हुडकली जातात. या तिन्ही याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्यावरच खरे चित्र स्पष्ट होते.

उदाहरणादाखल, नांदेडला मुख्य कार्यालय आणि लातूरला शाखा असलेली एक काल्पनिक पतसंस्था घेता येईल. मुख्य कार्यालयाच्या नोंदवहीत ६० संगणक आहेत, प्रत्यक्षात ५६ सापडतात आणि जाळ्यावर ६३ साधने आढळतात. केवळ बेरीज पाहणाऱ्यास ३ साधने जास्त आहेत एवढेच वाटेल. बारकाईने पाहता न सापडलेल्या ४ संगणकांपैकी २ दुरुस्तीला गेलेले, १ हस्तांतराची नोंद न करता लातूरला पाठवलेला आणि १ बेपत्ता असतो. सापडलेल्या ५६ पैकी २ बंद असल्याने जाळ्यावर ५४ च दिसतात. म्हणजे उरलेली ९ साधने नोंदीबाहेरची ठरतात. त्यांत कॅमेऱ्यांची ध्वनिचित्रमुद्रण पेटी असेल किंवा सेवापुरवठादाराने जोडून ठेवलेला लॅपटॉपही असेल. ३ चा दिसणारा फरक प्रत्यक्षात १३ विसंगतींचा असतो, आणि त्यांपैकी सर्वांत गंभीर बाब बेपत्ता संगणकातील खातेदारांची माहिती ही असते.

प्रत्येक साधनाबाबत पुढील प्रश्न विचारले जातात :

• त्याची जबाबदारी कोणत्या कर्मचाऱ्यावर आहे?
• त्यावर कोणती माहिती आहे व ती किती संवेदनशील आहे?
• ते बंद पडल्यास कोणते काम थांबेल?
• आज्ञावलीचा परवाना व देखभाल करार चालू आहे काय?
• नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा प्रवेशाधिकार रद्द झाला आहे काय?
• निर्लेखित साधनातील माहिती कायमची पुसली गेली काय?

शेवटचा प्रश्न अनेकदा दुर्लक्षित राहतो. संगणक भंगारात दिल्यावर नोंदवहीतील ओळ संपते, परंतु त्यातील माहिती आपोआप नष्ट होत नाही. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून अशी साधने नोंदणीकृत यंत्रणेमार्फत हाताळली जाणे अपेक्षित आहे.

नागरी सहकारी बँकांसाठीचे नियम

रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. माहिती तंत्रज्ञान मालमत्तेची अद्ययावत नोंदवही ठेवणे तीत आवश्यक ठरवले आहे. मालमत्तेचा तपशील, ग्राहकांची माहिती साठवणाऱ्या प्रणाली, संबंधित उपयोजने आणि प्रत्येक मालमत्तेचे उच्च, मध्यम वा कमी असे महत्त्व या किमान बाबी तीत असाव्या लागतात. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकांची त्यांच्या डिजिटल सेवांनुसार चार स्तरांत विभागणी करून वरच्या स्तरांवर अधिक कडक नियंत्रणे घातली.

आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओ/आयईसी १९७७० ही मानकमाला या विषयाशी संबंधित असून तिचा पहिला भाग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रातील घटना

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. एटीएममधून आलेल्या मागण्यांना बँकेच्या मूळ प्रणालीऐवजी बनावट मध्यस्थ प्रणालीने संमती दिल्याचे पुढे आले. आपल्या व्यवहारमार्गावर नेमके काय चालू आहे, हे जाणण्याचे महत्त्व या घटनेने अधोरेखित केले.

जानेवारी २०२१ मध्ये नांदेड येथील शंकर नागरी सहकारी बँकेच्या, आयडीबीआय बँकेत असलेल्या खात्यातून १४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम परस्पर वळवण्यात आली. अनेक लहान सहकारी बँका निधी हस्तांतरासाठी मोठ्या बँकेच्या माध्यमाचा वापर करतात. त्यामुळे त्यांची तंत्रज्ञान मालमत्ता केवळ इमारतीच्या चार भिंतींत मावत नाही. दुसऱ्या संस्थेशी असलेली जोडणी, तिचे प्रवेशाधिकार आणि परवलीचे शब्द हेही तिचेच भाग ठरतात. मूल्यमापनात त्यांचा समावेश नसेल तर नोंदवही पूर्ण दिसूनही अपुरी राहते.

मर्यादा

अचूक नोंदवही हल्ला थोपवू शकत नाही. ती काय राखायचे आहे एवढेच सांगते. तसेच कोणतीही यादी ही त्या दिवसापुरती खरी असते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या आज्ञावली घटकातील गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा तो घटक आपल्या कोणकोणत्या प्रणालींत दडला आहे हे जगभरातील असंख्य संस्थांना शोधावे लागले. म्हणून खरेदी, बदली, दुरुस्ती, सेवानिवृत्ती आणि निर्लेखन या प्रत्येक प्रसंगी नोंद त्याच वेळी बदलण्याची शिस्त वार्षिक तपासणीइतकीच आवश्यक मानली जाते. लहान पतसंस्थेत महागडी आज्ञावली नसली, तरी साधी तक्तेवही, जबाबदार व्यक्तीची सही आणि ठरावीक काळाने होणारी प्रत्यक्ष पडताळणी यांच्या आधारे या कामास प्रारंभ करता येतो.