लागण आधी, रोग नंतर

किल्लारीचे नाव घेतले की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. भूकंपानंतर नव्या वसाहती उभ्या राहिल्या, दावणीला पुन्हा गाई-म्हशी आल्या. बँकेच्या नोकरीत त्या भागात दुभत्या जनावरांची कर्जे पाहताना विम्याच्या अर्जातला एक रकाना मला हमखास अडवी: मृत्यूचे कारण. उत्तर ठरलेले असे, ‘लागण झाली, साहेब.’ गाय गेली तरी हप्ता जात नाही, म्हणून त्या रकान्याला फार किंमत होती.

हा ‘लागण’ शब्द वाटतो तितका मोघम नाही. लागण आपण उसाचीही करतो. बेणे मातीत गेले तरी कोंब दिसायला वेळ लागतो. जनावराचे तसेच. जंतू अंगात शिरून वाढू लागला, हा संसर्ग. ताप, लाळ, लंगडणे दिसले, की तो रोग. मधल्या दिवसांना अधिशयन काळ म्हणतात. लाळ्या-खुरकुतात तो साधारण २ ते १४ दिवसांचा असतो. बाजारातून आणलेला बैल या दिवसांत निवांत रवंथ करीत असतो आणि लक्षणे दिसण्याआधीच विषाणू बाहेर टाकू लागतो. नवे जनावर काही आठवडे वेगळे बांधा, असे पशुवैद्य सांगतात ते उगीच नव्हे.

संसर्गजन्य म्हणजे एकाचे दुसऱ्याला होणारच, हीही एक गल्लत. फऱ्या जंतूंमुळेच होतो, पण या बैलाचा त्या बैलाला होत नाही. त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतात आणि चाऱ्यावाटे पोटात जातात. असे मेलेले जनावर ओढ्याकाठी टाकणे म्हणजे पुढची लागण आपल्याच हाताने करून ठेवणे. ते न सोलता, खोल खड्ड्यात चुना घालूनच पुरावे.

२०२२ साली लम्पी राज्यभर पसरला तो मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामुळे. नुसते आजारी जनावर वेगळे बांधून भागत नव्हते, गोठाही आवरावा लागत होता. गाईंना तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. लस देऊनही गाय आजारी पडली, अशी तक्रार त्या वर्षी कानावर येई. पण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि लागण आधीच झालेली असेल तर ती लसीने मागे फिरत नाही. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याच्या तोंडाशी नव्हे, आधीच घ्यायची ती याचसाठी.