औंढ्याची लायगो

भोकरहून नांदेड, पुढे वसमत आणि वसमतच्या पलीकडे औंढा नागनाथ. ज्योतिर्लिंगामुळे हे गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आता याच तालुक्यातल्या दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. आकाशाकडे रोखलेली दुर्बीण इथे नसेल. काटकोनात निघालेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब अशा दोन निर्वात नळ्या असतील आणि त्यांतून धावणारा लेसर अवकाशालाच ताणणाऱ्या-आखडणाऱ्या गुरुत्वीय लहरींची चाहूल घेईल.

जमिनीतल्या लहरी मराठवाड्याने सोसल्या आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. वसमत, औंढा, कळमनुरीच्या पट्ट्यात जमीन अजूनही अधूनमधून हादरते. 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेडपर्यंत जाणवला. पांगरा शिंदेसारख्या गावांतले लोक जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजाबद्दल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत: आधी गडगड, मग पत्रे वाजतात.

हा क्रम लोकांनी अचूक टिपला आहे. भूकंपातून निघणारी पहिली लहर खडकाला पुढेमागे दाबत सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर वेगाने येते. ध्वनीही हवेत असाच, दाबाच्या रूपाने चालतो. म्हणून केंद्र उथळ असले की ही लहर जमिनीबाहेर पडताना ऐकू येते. खडकाला आडवी हलवणारी दुसरी लहर साडेतीन किलोमीटरच्या आसपास वेगाने मागून येते आणि जास्त हादरवते. केंद्रापासून 100 किलोमीटरवर दोघींत दहाबारा सेकंदांचे अंतर पडते. खडक मात्र जागच्या जागी हलून थांबतो. पुढे जाते ती ऊर्जा.

मग अशा मुलखात इतके नाजूक यंत्र कशाला? धक्के क्वचित बसतात. यंत्राला खरा त्रास रोजच्या थरथरीचा. ट्रक, रेल्वे, वारा, एवढेच काय, समुद्राच्या लाटांनीही जमीन सतत किंचित हलत असते. औंढा समुद्रापासून आणि मोठ्या शहरांपासून दूर आहे. शिवाय लायगोच्या नळ्यांत लेसर परतवणारे 40 किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांनी टांगलेले असतात. लंबकाच्या स्वतःच्या झोक्यापेक्षा जलद कंपने खाली पोचेपर्यंत जवळजवळ विरून जातात.

उरते ते लहरींच्या बेरीज-वजाबाकीचे काम. एकाच लेसरचे दोन भाग करून दोन्ही नळ्यांत धाडतात. परत येताना एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर येईल अशी जुळणी केली, की प्रकाश मावळतो. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा, म्हणजे एका नळीतली लेसरची वाट, ताणली जाते, दुसरी आखडते. जुळणी बिघडते आणि प्रकाश पाझरतो. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी तो पहिल्यांदा टिपला. सव्वाशे कोटींहून अधिक प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. भुजेच्या लांबीतला फरक प्रोटॉनच्या व्यासाहून काहीशे पटींनी लहान. पाव सेकंदाच्या आत लहरीची वारंवारता 35 वरून 250 हर्ट्झपर्यंत चढली.

एवढी क्षीण लहर गोंगाटातून वेगळी काढायची तर तिचा आकार आधीच गणिताने मांडून ठेवावा लागतो. त्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर आहेत. हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे. औंढ्याला वेधशाळा येण्यामागे अशा लोकांची काही दशकांची मेहनत आहे.

लहर कुठून आली, हे एका यंत्राला नीट सांगता येत नाही. ती कोणत्या वेधशाळेत किती मिलिसेकंद आधी पोचली यावरून दिशा काढतात. 17 ऑगस्ट 2017 ला आलेल्या लहरीच्या वेळी दोन लायगोंच्या जोडीला इटलीतली व्हर्गो वेधशाळा होती, म्हणून आकाशाचा लहानसा तुकडा नेमका करता आला. दुर्बिणींनी काही तासांतच 13 कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका गाठून न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा उजेड पाहिला. औंढा या सर्वांपासून हजारो किलोमीटर दूर आहे. इथून मिळालेल्या वेळेने तो तुकडा आणखी लहान होईल.