एक दिवस, पाच माणसं, पार्क कुठला?

मे महिन्याची सुटी म्हणजे मामाचं गाव. आमच्या मुलांचा मामा मात्र सध्या राहतो नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन शहरात! तिकिटं काढून झाली आणि मामाचा फोन आला. "बाकीचे दिवस मी ठरवतो. पण एक दिवस तुमचा. कुठलं थीम पार्क बघायचं, ते तुम्हीच ठरवा."

झालं! घरात निवडणुकीचं वातावरण. तेरा वर्षांची ताई म्हणाली, "सगळ्यात भन्नाट रोलर कोस्टर असेल तिथे." सहा वर्षांच्या धाकट्याला मिकी माउसला भेटायचं होतं. बाबा म्हणाले, "जवळ काय आहे ते आधी बघा." आणि आजी? आजी म्हणाली, "मला बसायला एक बाक असला की झालं. तुम्ही खेळा, मी पिशव्या सांभाळते."

आजीचं हे बोलणं मला लागलं. कारण दोन वर्षांपूर्वी अगदी तसंच घडलं होतं. परदेशातल्याच एका पार्कात आम्ही काहीही न ठरवता शिरलो. जे मोठं दिसलं त्याच्या रांगेत उभे राहिलो. तासाभराने नंबर लागला, तर दारावरच्या मोजपट्टीपुढे धाकटा कमी भरला! त्याने तिथेच भोकाड पसरलं. ताईचाही विरस झाला. आजी दिवसभर पिशव्या घेऊन उन्हात बसलेली. तिकिटाचे पैसे पाचांचे गेले, मजा मात्र कोणालाच आली नाही. चूक पार्कची नव्हती बरं का, आमचीच होती.

म्हणून या वेळी ताईने वहीचं मधलं पान फाडलं आणि चक्क तक्ता केला. पहिलं काम काय, तर भिंतीला पाठ लावून सगळ्यांची उंची मोजायची. ताई भरली १ मीटर ५२ सेंटिमीटर, धाकटा १ मीटर १२.

तुम्ही म्हणाल, उंचीचं एवढं काय? मोठ्या राइडमध्ये आपल्याला अडवून ठेवणारा दांडा मांडीवर किंवा खांद्यावर घट्ट बसावा लागतो. शरीर लहान असेल तर फट राहते आणि वेगात निसटायची भीती असते. म्हणून तिथे वय नाही, उंची बघतात. जाड तळव्याचे बूट घालून फसवायचं नाही!

मग एकेका पार्कची चौकशी सुरू झाली.

पहिलं नाव अर्थातच डिस्नीलँड पॅरिस. १२ एप्रिल १९९२ ला सुरू झालेलं हे पार्क पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ३२ किलोमीटरवर आहे. रेल्वे स्टेशन दाराशीच. पण आइंडहोव्हनपासून अंतर साधारण चारशे किलोमीटर! म्हणजे जाण्यायेण्यातच दिवस संपणार. पॅरिसला मुक्काम असेल त्यांनी जरूर जावं. आमचा नव्हता. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं.

डेन्मार्कमध्ये दोन मजेदार पार्कं आहेत. कोपनहेगनचं टिव्होली सुरू झालं १८४३ मध्ये. तिथली लाकडी रोलर कोस्टर १९१४ सालची आहे आणि आजही तिच्या गाडीत एक माणूस बसून हाताने ब्रेक लावतो! वॉल्ट डिस्ने स्वतः १९५१ मध्ये टिव्होली बघून गेले होते. त्यांचं पहिलं डिस्नीलँड उघडलं १९५५ मध्ये. दुसरं बिलुंडचं लेगोलँड, १९६८ चं. लेगोचे ठोकळे ज्या गावात जन्मले तिथेच ते आहे. ठोकळ्यांची घरं, ठोकळ्यांची बंदरं! पण डेन्मार्क आमच्या वाटेवर नव्हतं. ताईने पुढे लिहिलं, 'पुढच्या वेळी.'

जर्मनीतलं फँटाझियालँड त्या मानाने जवळ, कोलोन शहराच्या शेजारी. तिथली २०१६ साली आलेली टॅरॉन ही कोस्टर ताशी ११७ किलोमीटर वेगाने पळते. ताईचे डोळे चमकले. पण तिनेच स्वतःशी विचार केला आणि म्हणाली, "आपला दिवस एकच आहे. आजी आणि हा, दोघं करतील काय?" त्या क्षणी मला वाटलं, पोरगी मोठी झाली!

उरलं एक नाव, एफ्टेलिंग. मामाच्या घरापासून मोटारीने पाऊण तासावर, काट्सह्यूवेल गावात. आमच्यापैकी कोणीच ते ऐकलेलं नव्हतं. पण माहिती काढत गेलो आणि थक्क झालो. ते उघडलं ३१ मे १९५२ ला, म्हणजे डिस्नीलँडच्याही तीन वर्षं आधी! अँटोन पीक नावाच्या चित्रकाराने परीकथांचं एक जंगल काढलं आणि पेटर रायंडर्स यांनी यंत्रं बसवून ते हलतं-बोलतं केलं. सुरुवातीला दहा गोष्टी होत्या, पुढे त्यात भर पडत गेली. आजीसाठी पार्कभर फिरणारी वाफेची आगगाडी. ताईसाठी 'बॅरन १८९८', उंचावर क्षणभर लटकवून साडेसदतीस मीटर खाली थेट जमिनीतल्या खाणीत सोडणारी! तिला उंची लागते १ मीटर ३२. आणि 'योरिस आणि ड्रॅगन' या लाकडी कोस्टरला लागते १ मीटर १०. धाकटा दोन सेंटिमीटरने पास! तो घरभर नाचला.

सगळ्यांचे हात वर झाले. ठरलं!

दिवस निवडतानाही मामाने अक्कल चालवली. मेच्या सुरुवातीला तिकडच्या शाळांनाही सुटी असते, म्हणून ते दिवस टाळून पुढच्या आठवड्यातला मंगळवार घेतला. तिकिटं घरूनच काढली. दार उघडायच्या आधी आम्ही दारात हजर. लांब रांगांच्या राइड सकाळीच उरकल्या.

योरिसच्या दोन गाड्या शेजारच्या रुळांवरून शर्यत लावतात, एक पाण्याची, एक आगीची. धाकटा बाबांबरोबर आगीत, ताई मामाबरोबर पाण्यात. कोण जिंकलं ते विचारू नका, त्यावरून अजून भांडण चालू आहे! बॅरनमध्ये ताई गेली. उतरल्यावर पाच मिनिटं तिच्या तोंडून शब्द फुटेना.

पण खरी गंमत दुपारी झाली. परीकथांच्या जंगलात मान उंच-उंच करणारा 'लांबमान्या' आहे. कचरा खाणारा जाड्या आहे. तो "कागद इकडे!" असं डच भाषेत ओरडतो, कागद तोंडाशी नेला की गट्ट करतो आणि धन्यवादही म्हणतो. धाकट्याने आसपासचे सगळे कागद गोळा करून त्याला भरवले. लाल टोपीवाल्या मुलीच्या घराशी आजी थबकली. "अरे, ही तर मला ठाऊक आहे!" म्हणाली आणि मराठीतून गोष्ट सांगू लागली. डच येत नसल्याने आम्ही सगळेच तिच्याभोवती जमलो. त्या दिवशी आजी बाकावर बसली ती फक्त जेवायला. आणि पिशव्या? त्या बाबांकडे!

तुमचा तक्ता असा करा

१. आधी सगळ्यांची उंची मोजा. पार्कच्या माहितीत प्रत्येक राइडची अट दिलेली असते, ती शेजारी लिहा.

२. मुक्कामापासून पार्क किती दूर? जाऊन-येऊन चार-पाच तासांहून जास्त लागत असतील तर पुन्हा विचार करा.

३. घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात थोर माणसाला करण्यासारख्या निदान तीन गोष्टी आहेत का?

४. पार्क त्या दिवशी उघडं आहे ना? थंड देशांतली पुष्कळ पार्कं हिवाळ्यात बंद असतात. तिथल्या शाळांच्या सुट्याही बघा.

५. जे आपल्याकडे किंवा दुसरीकडे मिळणार नाही, असं तिथे काय आहे? एकसारखे पाळणे बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?

आईबाबांसाठी एक सूचना. अनेक मोठ्या पार्कांत लहान मुलाजवळ एकाने थांबायचं आणि पहिला उतरला की दुसऱ्याने पुन्हा रांग न लावता बसायचं, अशी सोय असते. दारावर विचारा.

आणि परदेशी जायचं नसेल तर? हाच तक्ता खोपोलीच्या इमॅजिकाला चालतो आणि गावच्या जत्रेलाही! मग काय दोस्तांनो, आधी भिंतीला पाठ लावून उभे राहा पाहू. किती भरलात?