घरबसल्या हॉस्पिटल मॅनेजमेंटची पदवी: फी भरण्याआधी मोबाईलवर तपासा या चार गोष्टी

बारावीचा निकाल लागला की रील्सच्या मधे एक जाहिरात हमखास यायला लागते. ‘हॉस्पिटल मॅनेजमेंटमध्ये ऑनलाइन पदवी, नोकरी करत शिका, हप्त्यांमध्ये फी भरा.’ वणी, पुसद, उमरखेड किंवा झरी जामणीत राहणाऱ्या मुलामुलींना ही कल्पना आवडणं साहजिक आहे. पुण्या-नागपुरात खोली, मेस आणि जाण्यायेण्याचा खर्च करण्यापेक्षा घरूनच पदवी मिळत असेल तर का नको?

मिळू शकते. पण सगळ्याच जाहिरातींमधली पदवी खरी नसते. आणि खरी पदवीसुद्धा प्रत्येक नोकरीला चालेलच असं नाही. आज आपण तीन गोष्टी बघूया: हे काम नेमकं काय असतं, पदवी वैध आहे की नाही हे मोबाईलवरून कसं तपासायचं, आणि ती घेतल्यावर पुढे काय.

हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे नेमकं काय?

डॉक्टर आणि नर्स उपचार करतात. ते उपचार वेळेवर, नियमात आणि खर्चाच्या हिशोबात व्हावेत म्हणून मागे जे काम चालतं, ते म्हणजे ॲडमिनिस्ट्रेशन. एक उदाहरण घेऊ.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली. आज ती आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये रुग्ण आला की आधी आरोग्यमित्र त्याचं रेशन कार्ड, आधार बघून नोंदणी करतो. मग रिपोर्ट अपलोड करून उपचाराची पूर्वमंजुरी मागितली जाते. उपचार झाले, सुट्टी झाली की क्लेम जातो. एखादा कागद कमी असेल तर क्लेमवर शंका निघते, पैसे अडकतात. ज्या हॉस्पिटलचे पैसे वारंवार अडकतात, ते योजनेतले रुग्ण घ्यायला कुरकुर करायला लागतं. म्हणजे टेबलावरच्या एका चुकीचा फटका शेवटी रुग्णालाच बसतो.

अशी आणखी कामं बघा. नर्सिंग होमची नोंदणी आणि तिचं नूतनीकरण. २०१६ च्या नियमांप्रमाणे जैविक कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा चार गटांत वेगळा करणं. फायर ऑडिट, स्टाफची ड्युटी, औषधांचा साठा, बिलिंगचं सॉफ्टवेअर, रुग्णाचा १४ अंकी आभा क्रमांक जोडणं. तालुक्याच्या गावातल्या २०-३० खाटांच्या हॉस्पिटलमध्ये ही सगळी कामं बऱ्याचदा एक-दोन माणसांवरच असतात. नीट शिकलेल्या माणसाची गरज तिथे असते ती यामुळेच.

ऑनलाइन पदवी चालते का?

हो, चालते. यूजीसीचे दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नियम २०२० सालचे आहेत. मान्यताप्राप्त विद्यापीठाने या नियमांप्रमाणे दिलेली ऑनलाइन पदवी ही कॉलेजात जाऊन घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने हे पुन्हा स्पष्टही केलं. त्यामुळे ‘ऑनलाइन आहे म्हणून चालणार नाही’ असं कोणी सरसकट म्हणत असेल, तर ते चूक आहे.

पण काही विषय ऑनलाइन शिकवायला परवानगीच नाही. वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी हे त्यातले. ‘ऑनलाइन नर्सिंगची पदवी’ अशी जाहिरात दिसली तर तिथेच थांबा.

ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक मोठा बदल झाला. २०२१ च्या सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीने देता येणार नाहीत, असं यूजीसीने जाहीर केलं. मानसशास्त्र, आहारशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी हेही त्यात आले. एखाद्या पदवीत अनेक स्पेशलायझेशन असतील तर फक्त आरोग्यसेवेचं स्पेशलायझेशन बंद होतं, बाकीची चालू राहतात.

आता आपल्या विषयाचं काय? त्या कायद्याच्या यादीत व्यवसायांचे दहा गट आहेत. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन हा व्यवस्थापनाचा विषय आहे, तो या यादीत वेगळा व्यवसाय म्हणून दिलेला नाही. पण दहाव्या गटात ‘हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट’ आहे. मेडिकल रेकॉर्ड आणि क्लिनिकल कोडिंगची कामं त्यात येतात. जाहिरातीत ‘हेल्थकेअर मॅनेजमेंट’ आणि ‘हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट’ ही नावं जवळजवळ सारखीच वाटतात, पण नियमाच्या दृष्टीने ती एक नाहीत. म्हणून नुसत्या नावावर अंदाज बांधू नका, यादी उघडा.

चार गोष्टी, एकच ओळ

डेटाबेसमध्ये कधीकधी एका रकान्यावरून नोंद ओळखता येत नाही. दोन-चार रकाने एकत्र जुळले तरच ती नोंद बरोबर मानतात. ऑनलाइन पदवीचंही तसंच आहे. या चार गोष्टी यूजीसीच्या यादीत एकाच ओळीत जुळल्या पाहिजेत:

१. विद्यापीठाचं पूर्ण नाव
२. पदवीचं नेमकं नाव, स्पेशलायझेशनसह
३. पद्धत: ऑनलाइन की दूरशिक्षण
४. सत्र: कोणत्या वर्षाचं, जानेवारी-फेब्रुवारीचं की जुलै-ऑगस्टचं

बहुतेक फसवणूक इथेच होते. विद्यापीठ खरं असतं, पण त्याला त्या विषयाची परवानगी नसते. किंवा विषय बरोबर असतो, पण परवानगी मागच्या सत्रापुरती असते. विक्रीवाला फोनवर सांगतो, “सर, आमचं विद्यापीठ यूजीसी मान्य आहे.” तो खोटं बोलत नसतो. पण चारपैकी एकाच रकान्याचं उत्तर देत असतो.

ऑनलाइन आणि दूरशिक्षण यातला फरकही लक्षात ठेवा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं आहे. आपला जिल्हा त्याच्या अमरावती विभागीय केंद्राखाली येतो. तिथलं दूरशिक्षण अभ्यासकेंद्र आणि पुस्तकं यावर चालतं. ऑनलाइन पदवीत व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि चाचण्या असं सगळं पोर्टलवरच असतं. दोन्ही मार्ग वैध आहेत, पण परवानगी दोघांची वेगळी असते.

मोबाईलवर कसं तपासायचं?

पहिली पायरी: ब्राउझरमध्ये यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाचं, म्हणजे डीईबीचं संकेतस्थळ उघडा. पत्ता आहे डीईबी डॉट यूजीसी डॉट एसी डॉट इन. जाहिरातीतल्या लिंकवरून जाऊ नका, पत्ता स्वतः टाईप करा.

दुसरी पायरी: चालू सत्राची मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा आणि वरच्या चारही गोष्टी जुळवा. जुळलेल्या ओळीचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

तिसरी पायरी: विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मंजुरीचं पत्र शोधा. ते जाहीर करणं विद्यापीठाला बंधनकारक आहे. सापडत नसेल तर लेखी मागा.

चौथी पायरी: डिजिलॉकरमधून तुमचा एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट बँकेचा क्रमांक तयार करा. मग डीईबीच्या पोर्टलवर नोंदणी करून डीईबी आयडी घ्या. सप्टेंबर २०२४ च्या सत्रापासून ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या प्रवेशाला हा आयडी सक्तीचा आहे. कोणी म्हणालं, “त्याची गरज नाही, आम्ही बघून घेतो,” तर प्रवेश घेऊ नका. हा आयडी स्वतःच काढा आणि ओटीपी कुणालाही सांगू नका.

हे सापळे ओळखा

गूगलवर इंग्रजीत शोधलं की अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या जाहिराती भरपूर दिसतात. तिकडे हेल्थकेअर ॲडमिनिस्ट्रेशनची ऑनलाइन पदवी नेहमीची गोष्ट आहे. पण परदेशी पदवीला भारतात समकक्षता देण्याचे यूजीसीचे २०२५ चे नियम प्रत्यक्ष वर्गात जाऊन केलेल्या शिक्षणासाठी आहेत, ऑनलाइनसाठी नाहीत. शिवाय एडटेक कंपन्या परदेशी विद्यापीठांशी करार करून देत असलेल्या मान्यता नसलेल्या पदव्यांबद्दल यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्येच सावध केलं आहे.

दुसरा सापळा फ्रँचायझीचा. ‘आम्ही अमुक विद्यापीठाचं अधिकृत सेंटर आहोत’ असा बोर्ड लावून कोणी पदवीचे प्रवेश देत असेल तर जपून. फ्रँचायझी पद्धतीने असे अभ्यासक्रम चालवायला नियमात मनाई आहे. फी नेहमी विद्यापीठाच्या खात्यातच भरा, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही.

तिसरा सापळा बनावट विद्यापीठांचा. यूजीसी अशा संस्थांची यादी जाहीर करते. नागपूरच्या ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’चं नाव त्या यादीत अनेक वर्षं आलेलं आहे. नावात ‘युनिव्हर्सिटी’ असलं म्हणून पदवी देण्याचा अधिकार मिळत नाही. तो अधिकार १९५६ च्या यूजीसी कायद्यानुसार ठरतो.

चौथा सापळा हप्त्यांचा. ‘महिन्याला फक्त इतके रुपये’ म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर घेतलेलं कर्ज. शिक्षण अर्धवट सुटलं तरी हप्ते सुटत नाहीत. सही करण्याआधी कर्जाचं मुख्य माहितीपत्रक मागा. ते देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आवश्यक आहे. त्यात एकूण परतफेड किती, हे आधी बघा.

वेळ आणि नेट पुरेल का?

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका वर्षाच्या अभ्यासाला ४० क्रेडिट, म्हणजे १२०० तास धरले आहेत. तीन वर्षांचे झाले ३६०० तास. भागाकार करा, आठवड्याला साधारण २३ तास येतात. रोजचे तीन तास आणि रविवारी थोडे जास्त. शेतीच्या हंगामात किंवा दुकानात पूर्ण दिवस काम करून हे जमेल का, याचं खरं उत्तर आधी स्वतःला द्या.

नेटचं गणित तसं सोपं आहे. ४८० पीवर व्हिडिओ पाहिला तर तासाला अंदाजे अर्धा जीबी जातो, त्यामुळे रोजचा साधा पॅक बहुतेकदा पुरतो. अडचण परीक्षेला येऊ शकते. घरून परीक्षा असेल तर कॅमेरा पूर्ण वेळ चालू ठेवावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी मोबाईल चालत नाही, लॅपटॉपच लागतो. घरी रेंज जात-येत असेल तर प्रवेशाआधीच विचारा: परीक्षा केंद्रावर देता येते का, आणि जवळचं केंद्र कुठे आहे?

पदवीनंतर काय मिळतं आणि काय नाही?

वैध पदवी असेल तर ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ अशी अट असलेल्या स्पर्धा परीक्षा देता येतात. खासगी हॉस्पिटलमध्ये बिलिंग, विमा आणि योजना विभाग, रुग्ण समन्वय, क्वालिटी विभाग अशा जागांपासून सुरुवात होते. पुढे मास्टर्सही करता येतं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स पदवी आहे.

पण या पदवीवर तुम्ही जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक होणार नाही. त्या जागा डॉक्टरांच्या आहेत. आरोग्य अभियानातल्या व्यवस्थापनाच्या पदांसाठीही बरेचदा मास्टर्स पदवी मागतात. म्हणून एक काम करा. तुम्हाला हव्या असलेल्या नोकरीच्या जुन्या पाच जाहिराती शोधा, त्यातली शैक्षणिक अट वाचा आणि मगच पदवी निवडा.

आणखी एक रस्ता लक्षात ठेवा. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एका वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे. म्हणजे जवळच्या कॉलेजात बीकॉम आणि सोबत वैध ऑनलाइन अभ्यासक्रम, असं करता येतं. वाणिज्याचं ज्ञान हॉस्पिटलच्या हिशोबात रोज कामी येतं.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हॉस्पिटल स्क्रीनवरून शिकता येत नाही. रात्री दोनला अपघाताचा रुग्ण आला, सोबत एकही कागद नाही, नातेवाईक घाबरलेले आहेत, अशा वेळी काय करायचं हे व्हिडिओतून कळतं, पण अंगवळणी पडत नाही. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तालुक्याच्या गावांत खासगी हॉस्पिटलं आहेत. पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच जवळच्या हॉस्पिटलमध्ये अर्धवेळ काम मागा. नोंदणीच्या खिडकीवर बसायला मिळालं तरी चालेल. तीन वर्षांनी तुमच्या हातात वैध पदवी असेल आणि सोबत तीन वर्षांचा अनुभव. मुलाखतीत या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, तर पदवी ऑनलाइन आहे का हा प्रश्न मागे पडतो.

तर आज एवढंच करा. जी जाहिरात तुम्ही सेव्ह करून ठेवली आहे ती उघडा आणि त्या चार गोष्टी यूजीसीच्या यादीत शोधा. दहा मिनिटं लागतील. ओळ जुळली तर पुढचा विचार करा. नाही जुळली तर तुमची तीन वर्षं आणि घरच्यांचे पैसे वाचले.