दूरचें चित्र घरीं आणण्याची खटपट



माळशिरस येथें आमच्या गच्चीवर लोखंडी पाइपाचा एक वीस फुटी खांब अजून उभा आहे. आतां त्यावर कावळे बसतात. १९८४ सालीं मात्र त्याच्या टोकास दूरचित्रवाणीची एरियल होती, आणि सायंकाळीं सारी आळी आमच्या ओसरीवर जमे. त्या खटपटीमागील शास्त्र आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढील वर्षीं सिंहगडावरील प्रक्षेपकामुळें तें पुण्यास दिसूं लागलें. सिंहगडापासून माळशिरस सरळ रेषेंत सुमारें १३० किलोमीटर. या लहरी बहुतांशीं सरळ जातात, आणि पृथ्वी तर वाटोळी! म्हणून तिचा फुगवटाच आड येतो. उंचीच्या मीटरांचें वर्गमूळ काढून त्यास चारानें गुणलें, कीं लहरीचा टप्पा स्थूलमानानें किलोमीटरांत मिळतो. सिंहगड आमच्याहून आठशे मीटरांच्या आसपास उंच. टप्पा ११३ किलोमीटर. घर व खांब मिळून दहा मीटर. त्यांचे आणखी बारा-तेरा. म्हणजे आम्ही अगदीं काठावर होतों.

एरियलची ही रचना १९२६ मध्यें जपानांत उदा व यागी या संशोधकांनीं पुढें आणली. आडव्या दांडीवरील एक काडी लहर पकडते. तिची लांबी लहरीच्या सुमारें निम्मी असते. मागील किंचित लांब काडी लहर परतविते, पुढील आखूड काड्या तिला वाट दाखवितात. कानामागें तळहात धरावा, तसाच हा प्रकार.

लहरीस जोर देणारा बूस्टर मीं प्रथम संचाजवळ ठेवला, तों पडद्यावरील मुंग्याच अधिक जोमानें नाचूं लागल्या! कारण लांब तारेंतून येतांना लहर क्षीण होते, आणि मग बूस्टर तिच्याबरोबर स्वतःची खरखरही मिसळतो. तोच खांबाच्या माथ्यावर बसवितांच माणसांचे चेहरे ओळखूं आले. निरभ्र, शांत रात्रीं तर चित्र विशेष स्वच्छ येई. जमीन निवून खालची हवा थंड व वरची उबदार झाली, कीं लहर जमिनीकडे वांकते.

एका रविवारीं दिशा बदलतांना खांबाचा तोल गेला आणि तो विजेच्या तारेपासून वीतभर अंतरावर थांबला. ताणाची तार धरणारा माझाच विद्यार्थी होता. चूक सर्वस्वीं माझी. अंतर मीं मोजलेंच नव्हतें. खांब कोणत्याही बाजूस आडवा पडला तरी विजेच्या तारेस शिवणार नाहीं, अशीच जागा निवडावी.

दूरदर्शनानें आपले जवळजवळ सर्व जुने प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद केले. परंतु दूरचें एफ. एम. नभोवाणी केंद्र ऐकूं इच्छिणाऱ्यास हीच विद्या आजही उपयोगीं पडते. काडी तेवढी दीड मीटरांची हवी. मात्र आधीं अंतर मोजा, मगच खांब उभारा.