भित्र्या कुत्र्याला भुंकायला शिकवताना

रस्त्यावरून किंवा निवारा केंद्रातून आणलेलं कुत्रं बेल वाजली की सोफ्याखाली शिरतं आणि घरचे म्हणतात, ‘हा कसली राखण करणार!’ घाई नको. नव्या घरात रुळायला काही आठवडे, कधी महिनेही जातात. पिल्लू साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असताना माणसांची, आवाजांची सवय झाली नसेल, तर भीती अंगात मुरलेली असते.

शिकवायचं ते अंगावर धावून जायला नव्हे, वर्दी द्यायला. घरातल्याच एकाने बाहेरून हलकेच टकटक करावी. कान टवकारले, घशातून अर्धवट ‘वुफ्’ निघालं, की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यावा. उशिरा दिला तर तो कशाबद्दल मिळाला, हे त्याला कळत नाही. हे जमू लागलं की आधी ‘बोल’ म्हणायचं, मग टकटक. सोबत ‘बास’ही शिकवा; गप्प झालं की पुन्हा खाऊ. (नाहीतर सोसायटीची नोटीस आलीच म्हणून समजा.)

शेजाऱ्याला काठी घेऊन घाबरवायला सांगण्याचा जुना उपाय मात्र साफ चुकीचा आणि धोक्याचाही. पळायला वाट उरली नाही की भित्रं कुत्रं चावतं. शेपूट पोटाखाली, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, झोप नसताना जांभया, सारखं ओठ चाटणं: यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा.