गाव सुटतं तेव्हा आडनाव मिळतं

जिंतुरात राहणाऱ्याला ‘जिंतूरकर’ म्हणून काय उपयोग? तिथे सगळेच जिंतूरचे. तोच माणूस परभणीला, हैदराबादला किंवा पुण्याला बिऱ्हाड करतो, शेजारी विचारतात, “तुम्ही मूळचे कुठले?” आणि त्या उत्तराला ‘कर’ चिकटून पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव ठरून जातं.

जिंतूर तालुक्यातच याचे दाखले सापडतात. इथून अनेकदा आमदार झालेले रामप्रसाद बोर्डीकर यांचं घराण्याचं आडनाव कदम. बोर्डी हे तालुक्यातलं गाव. कदम महाराष्ट्रभर आहेत, बोर्डीकर म्हटलं की मात्र नेमकं घर डोळ्यांपुढे येतं. जुन्या देवळांसाठी प्रसिद्ध असलेलं चारठाणा याच तालुक्यात, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते विनायकराव चारठाणकर ओळखले जातात ते शेजारच्या सेलूचे म्हणून. गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ ‘मंगेशकर’ झाले तेही याच रीतीने.

आता हजारो मैल दूर जाऊ. इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅमच्या बिशपने 1183 साली आपल्या जमिनींची मोजदाद करवली. त्या दप्तराला ‘बोल्डन बुक’ म्हणतात. त्यात विल्यम नावाचा एक जमीनदार आहे. तो आधी हार्टबर्नचा होता, म्हणून विल्यम ‘डी हार्टबर्न’. हे ‘डी’ म्हणजे आपला ‘कर’च, फक्त गावाच्या आधी लागणारा. मग विल्यमने हार्टबर्न देऊन त्या बदल्यात दुसरं गाव घेतलं, आणि गावाबरोबर त्याचं आडनावही बदललं. त्या नव्या गावाचं नाव वॉशिंग्टन.

पुढे ‘डी’ गळून पडला, गावाचं नाव तेवढं राहिलं. त्या घराण्यातला जॉन सतराव्या शतकाच्या मध्याला समुद्र ओलांडून व्हर्जिनियाला गेला, त्याचा पणतू जॉर्ज 1789 साली अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला, आणि त्याच्या नावाने राजधानी वसली. गावाचं नाव माणसाला मिळालं आणि सहाशे वर्षांनी त्या माणसाकडून शहराला गेलं! मूळ वॉशिंग्टन गाव आजही इंग्लंडमध्ये आहे. हा प्रवास कितीदा वाचला तरी मला नवाच वाटतो.

मग सगळीच माणसं गावाच्या नावाने का ओळखली जात नाहीत? इंग्लंडमध्ये सर्वांत जास्त आढळणारं आडनाव स्मिथ, म्हणजे लोहार. लोहार बहुतेक प्रत्येक गावात हवाच आणि एका गावाला एक पुरतो. गावात “विल्यम लोहार” म्हटलं की काम भागतं, दुसरा विल्यम कोण हा घोळच होत नाही. आपल्याकडे कुलकर्ण्यांचं हेच झालं. गावचा हिशेब आणि दप्तर सांभाळणारं घर गावोगाव होतं, म्हणून कुलकर्णीही गावोगाव. परभणीच्या भूमीतले मोठे कवी बी. रघुनाथ यांचं पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. लिहिताना त्यांनी आडनाव बाजूलाच ठेवलं.

माझ्या मते खरी गंमत इथे आहे. धंद्याचं आडनाव गावाच्या वेशीच्या आत उपयोगी पडतं, गावाचं आडनाव वेशीबाहेर. लोहार, कुलकर्णी, पाटील ही नावं माणूस गावात काय करतो ते सांगतात. बोर्डीकर, चारठाणकर, वॉशिंग्टन ही नावं माणूस कुठल्या गावचा ते सांगतात. वेस ओलांडल्यावर शहरात चार कुलकर्णी भेटले की पहिल्या प्रकारचं नाव अपुरं पडतं आणि त्यातलाच एखादा सेलूकर होतो, एखादा जिंतूरकर. दोन समाजांचा एकमेकांशी काही संबंध नसताना दोघांनी या अडचणीवर तोच तोडगा काढला.

इंग्लंडमध्ये आडनावं वंशपरंपरेने पक्की व्हायला 1066 च्या नॉर्मन स्वारीनंतर सुमारे तीन शतकं लागली. 1377 पासूनच्या डोईपट्टीच्या याद्यांत माणसांची नावं ओळीने उतरवली गेली आणि 1538 पासून चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद सुरू झाली. आज तिथली माणसं आपलं कूळ याच वह्यांत शोधतात.

आपल्याकडे हे काम त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थपुरोहितांनी केलं. यात्रेकरूंच्या पिढ्यान् पिढ्यांची नावं त्यांच्या वह्यांत आहेत. पण वही काढण्याआधी ते आडनावाबरोबर मूळ गाव विचारतात. तेव्हा तुमच्या आडनावात गाव असो वा नसो, घरातल्या थोरांना ते आजच विचारून तालुक्यासह लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी त्र्यंबकला गेलात की आपली वही काढायला सांगा.